पहिलं एक मिनिट

गेल्या वर्षापर्यंत आमच्या घरी पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी मिळायच्या, पोहे आणि मी साईला नदीतून बाहेर काढल्याची हकिगत. पोहे बायको करायची आणि हकिगतही तीच सांगायची. साई म्हणजे भट्टीवरचा माझा जोडीदार, उल्हासनगरचा सिंधी. हे काही त्याचं नाव नव्हे, पण आमच्या पाळीत सगळे त्याला साईच म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. तर अकरा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी हा साई उल्हास नदीत गटांगळ्या खायला लागला, आणि मी, बदलापूर गावातला, नदीकाठी वाढलेला गडी, मागचापुढचा विचार न करता त्याला ओढून काठावर आणला. साई समोर बसलेला असला तरी ही हकिगत सांगितली जायची. तो पोह्यांवरचं ओलं खोबरं आधी वेचून खायचा आणि मान डोलवायचा. ‘‘हां भाभी, भाऊ नसता तर आपला खेळ खल्लास होता.’’

हकिगतीत सगळं खरं आहे, फक्त माणसं उलटी आहेत. बुडत मी होतो. काढलं त्यानं.

हे आता लिहायला काही हरकत नाही, कारण घरात सगळ्यांना कळलेलं आहे. पण ते कळायला अकरा वर्षं लागली. पोरीच्या जिवावर बेतेल अशी वेळ आली नसती तर मी ही थाप बरोबर घेऊनच वर गेलो असतो, एवढा मी माझ्या अब्रूला जपणारा.

अंबरनाथ एमआयडीसीत मी अठ्ठावीस वर्षं भट्टीवर आहे. लोखंडाचे जॉब लालबुंद होईपर्यंत तापवायचे आणि मग तेलाच्या नाहीतर पाण्याच्या टाकीत बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. सगळी अक्कल या बुडवण्यात असते. तेलात जायचा जॉब चुकून गार पाण्यात गेला तर टण्ण आवाज होतो, तडा जातो आणि सुपरवायझर आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच बजावतो, की तापलेल्या मालाला गार पाणी दाखवायच्या आधी दहादा विचार कर.

आणि हे बजावणारे आम्ही शहाणे दर शुक्रवारी काय करायचो? शुक्रवार आमचा सुट्टीचा वार. गुरुवारची रात्रपाळी संपवून सकाळी सातला गेटबाहेर पडायचो तेव्हा अंगातून नुसती आग निघत असायची. तसेच रिक्षात कोंबून घेऊन आम्ही पाच जण बदलापूर गावात यायचो, घाटाच्या वरच्या अंगाला. तिथे पाण्यात शिरलेला एक मोठा काळा खडक आहे, त्याला आम्ही म्हैस म्हणतो. म्हशीच्या पाठीवर चढायचं, आरोळी ठोकायची आणि उडी मारायची. याला आमच्यात ‘भट्टी विझवणे’ म्हणत. ऊन असो की थंडी, भट्टी विझवल्याशिवाय घरी जायचं नाही हा दंडक होता. कुणी घालून दिला ते विचारायचं नाही.

फक्त साई उडी मारायचा नाही. तो खालच्या पायरीवर बसायचा. आधी पाय सोडायचा, मग मनगटं भिजवायचा, मग ओंजळीनं तोंडावर, मानेवर आणि छातीवर पाणी घ्यायचा. पाच मिनिटं हा सोहळा चालायचा. शिवाय येताना एक धुतलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन आणायचा, त्याला लांब दोरी बांधलेली, कारण पोहणं त्याला बेताचंच येत होतं. आम्ही त्याला नवरी म्हणायचो. ‘‘थांबा रे, नवरीला हळद लागतेय,’’ असं कुणीतरी ओरडलं की बाकीचे खिदळायचे.

‘‘हसो, हसो,’’ तो म्हणायचा. ‘‘जॉबला पाण्यात टाकताना एवढा विचार करता. मग बॉडीचा का नाय करत?’’

एवढं सोपं बोलणं, पण आमच्या टाळक्यात शिरेल तर शपथ.

त्या जानेवारीत थंडी जरा जास्तच होती. मुंबईत लोक स्वेटर कपाटात शोधत असतात तेव्हा बदलापुरात तोंडातून वाफा निघतात, हे आमचं जुनंच कौतुक. रात्रभर भट्टीसमोर उभा राहिलेला मी, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. म्हशीवरून पायांवर उडी मारायची सोडून मी त्या दिवशी सूर मारला. शौर्य दाखवायचं होतं, दुसरं काय.

पाणी लागलं आणि छातीनं मला न विचारता एक मोठा श्वास ओढला. तोंड पाण्याखाली होतं. हवा यायची तिथे नदी आत आली. वर आलो तर खोकला, आणि खोकल्याच्या मागोमाग पुन्हा तोच श्वास, त्याच्यावर दुसरा, तिसरा. थांबवायला जावं तर थांबेना. काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की कानात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. हात मारत होतो, पण ते कुणा परक्याचे असावेत असे वाटेल तिकडे पडत होते. बाकीचे तिघे उड्या मारून पलीकडच्या काठाकडे निघाले होते, त्यांच्या पाठी मला दिसत होत्या. हाक मारायला श्वासच नव्हता. मी बुडतोय हे मला स्वच्छ कळलं, आणि लाजसुद्धा वाटली. मरताना माणसाला लाज वाटते हे मी अनुभवानं सांगतो.

‘‘हात मत मार!’’ साई ओरडला. ‘‘पीठ पे सो जा, भाऊ, पीठ पे! तोंड वर!’’

त्याचा कॅन माझ्या नाकासमोर येऊन पडला. मी तो छातीशी कवटाळला आणि पाठीवर झालो. साई दोरीचं टोक धरून छातीभर पाण्यात उभा होता. तो माझ्याजवळ आला नाही. आला असता तर मी त्यालाही घेऊन गेलो असतो, एवढं तेव्हा मला भान नव्हतं. ‘‘कुछ मत कर,’’ तो म्हणत होता. ‘‘नुसता पडून रहा. एक मिनिट में जाएगा ते.’’

आणि खरंच गेलं. मिनिटभरानं श्वास माझ्या ताब्यात आला. काळीज ठिकाणावर आलं, हात पुन्हा माझे झाले. त्यानंतर मी तीच नदी चार वेळा आरपार पोहलो असतो. हे मला सगळ्यात जास्त लागलं. पोहायला येत नाही म्हणून माणूस बुडतो, असं मी जन्मभर समजत आलो होतो. मला पोहायला येत होतं, तरी त्या एका मिनिटात माझं सगळं पोहणं कवडीमोलाचं झालं होतं.

साईनं मला घरी आणून सोडलं. मी काठावरच कोरडे कपडे चढवले होते आणि तो ओलाच होता, कुडकुडत. बायकोनं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि किंचाळली, ‘‘अगंबाई, भावजी, तुम्ही बुडत होतात की काय?’’ साईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, ‘‘हो ना. काढला ओढून.’’ साईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग टॉवेल खांद्यावर घेऊन तो चहाची वाट बघत बसला. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती कोपऱ्यातून माझ्याकडे अशी बघत होती की मला खरं बोलायची इच्छाच झाली नाही.

पुढे कंपनीत दर मंगळवारी येणाऱ्या डॉक्टरांना मी गाठलं. ‘‘माझ्या एका मित्राला असं झालं,’’ म्हणून सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मित्राला सांगा, तो घाबरट नाही. कातडीला एकदम गार पाणी लागलं की शरीर आपोआप श्वास ओढतं, ते कुणाच्या हातात नसतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही होतं. अंग तापलेलं असेल तर आणखी जोरात होतं. मिनिटभरात, फार तर दोन-तीन मिनिटांत, ते ओसरतं. तोवर पोहायला जायचं नाही, तोंड पाण्याबाहेर ठेवून तरंगायचं. आणि मुळात एकदम उडी न मारता हळूहळू शिरलं तर हा झटकाच बराच कमी बसतो. ज्याचं हृदय नाजूक आहे त्यानं तर विचारल्याशिवाय गार पाण्यात उतरूच नये. जाताना त्यांनी विचारलं, ‘‘मित्र आता बरा आहे ना?’’ मी म्हणालो, ‘‘आहे, पण नदीवर जात नाही.’’

हे खरंच होतं. खांदा दुखतो अशी सबब सांगून मी नदी सोडली. साईनंही वर्षाभरात कंपनी सोडून उल्हासनगरात पडद्यांच्या कापडाचं दुकान टाकलं. राहिली ती फक्त हकिगत, आणि ती दरवर्षी वाढत गेली. मुलीनं शाळेत निबंध लिहिला, ‘बुडणाऱ्याला वाचवणारे माझे पप्पा’. बाईंनी वर्गात वाचून दाखवला.

आता मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तरणतलावात शिकली, चांगली पोहते, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिनं जेवताना जाहीर केलं की जानेवारीत घाटमाथ्यावरच्या एका धरणात पाच किलोमीटरची स्पर्धा आहे आणि तिनं नाव दिलंय. स्पर्धा सकाळी, सूर्य वर यायच्या सुमाराला. माझा घास हातातच राहिला.

‘‘तलावाचं पाणी वेगळं,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणून तर नदीवर प्रॅक्टिस करणार आहे. आपल्या बेलवलीतून काय, दहा मिनिटांत जाऊ. पप्पा, म्हशीवरून उडी मारायची, तुमच्यासारखी. स्टार्टला पण जेटीवरून उडीच आहे.’’

‘‘उडी मारायची नाही.’’

‘‘का?’’

‘‘नाही म्हणजे नाही.’’

‘‘तुम्ही मारायचात ना!’’

याला उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर निबंध फाटला असता. मी ताट सरकवून उठलो आणि आवाज चढवला. पोरींनी नदीवर जाऊ नये, अभ्यासाकडे बघ, असलं जे तोंडाला आलं ते बोललो. स्वतःच्याच तोंडून हे ऐकून मला स्वतःची किळस आली. ती म्हणाली, ‘‘ठीक आहे, मी मैत्रिणीबरोबर जाईन. बदलापूरच्या पाण्याला कोण घाबरतं?’’

आठ दिवस आम्ही बोललो नाही. मला रोज डोळ्यांपुढे तेच दिसायचं, म्हशीवरून झेपावलेली ती आणि पाण्याखाली उघडलेलं तिचं तोंड. शेवटी मी उल्हासनगर गाठलं. साई गिऱ्हाईकाला कापड मोजून देत होता. त्याचं होईपर्यंत मी स्टुलावर बसलो, मग सगळं सांगितलं.

‘‘तू तिला समजाव,’’ मी म्हणालो. ‘‘तुझं ऐकेल ती.’’

‘‘मैं क्या बोलूँ? की बेटी, मी बुडत होतो म्हणून तू संभाल?’’ त्यानं गज खाली ठेवला. ‘‘भाऊ, ग्यारा साल मी तुझ्या बायकोचे पोहे खाल्ले, झूठ के पोहे. मला काय प्रॉब्लेम नव्हता. मजेत खाल्ले. पण आता पोरगी तुझी झूठ बघून उडी मारणार. हे तुलाच बोलायला पाहिजे. शुक्रवारी मी येतो कॅन घेऊन. बोलणार तूच.’’

साई येतोय म्हटल्यावर मुलगी मैत्रिणीला सोडून आमच्याबरोबर यायला तयार झाली, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं घाटावर होतो. बायकोही आली होती, थर्मास आणि शाल घेऊन, कारण लेकीचा पराक्रम तिला बघायचा होता. पाण्यावर पातळ धुकं होतं. सगळा रस्ताभर मी वाक्य जुळवत आलो होतो आणि ते काही जुळत नव्हतं. तोवर मुलगी टोपी चढवून म्हशीवर पोचलीसुद्धा. तिनं हात वर केले आणि मला दाखवत हसली. आठवड्याचा राग विसरून हसली.

‘‘थांब!’’ मी ओरडलो. ‘‘त्या दिवशी मी बुडत होतो!’’

तिनं हात खाली घेतले. ‘‘काय?’’

‘‘साई नाही. मी. इथूनच सूर मारला, आणि पाण्याखालीच श्वास ओढला गेला. साईनं कॅन फेकला म्हणून जगलो. आत्तापर्यंत सांगितलं ते सगळं खोटं आहे. तू आधी खाली ये, मग मला काय म्हणायचं ते म्हण.’’

घाटावर कपडे धुणाऱ्या दोघी बायकाही माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगी खडकावरून उतरली. बोलली ती बायको.

‘‘म्हणजे अकरा वर्षं मी भावजींना दारात उभी राहून सांगतेय, पाण्यापासून जपा म्हणून! त्यांच्या बायकोला फोन करून सांगितलंय! आणि भावजी, तुम्ही हो हो म्हणत होतात?’’

‘‘भाभी,’’ साई म्हणाला, ‘‘जपून राहायला सांगितलं तर त्यात ‘नाय’ काय बोलायचं?’’

बायकोला हसू आवरेना आणि रागही आवरेना. दोन्ही एकदम चालू होतं. मुलगी मात्र हसली नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती म्हणणार, खोटारडे. तिनं विचारलं, ‘‘श्वास ओढला गेला म्हणजे नेमकं काय होतं, पप्पा? मला नीट सांगा.’’

अकरा वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तिला सांगितलं, तिथेच पायरीवर बसून. मग साईनं तिला नवरीचा सोहळा शिकवला. पाय, मनगटं, तोंड, मान, छाती. पाणी गळ्याशी आलं की लगेच पाठीवर. श्वास सोडताना लांब सोडायचा, घेण्याची काळजी करायची नाही. स्वतःच्या मर्जीनं एक वाक्य पूर्ण बोलता आलं की मगच पोहायला सुरुवात. हात डोक्यावर ठेवला तर ठीक आहे, हात हलवला तर मदत हवी.

‘‘तुम्ही पण या,’’ ती म्हणाली.

माझा खांदा अचानक दुखायला लागला होता. ‘‘खोटं,’’ बायको म्हणाली, आणि मी शर्ट काढला. पायरीवर बसलो. मनगटं भिजवली, तोंडावर पाणी मारलं. मागून साई ओरडला, ‘‘थांबा रे, नवरीला हळद लागतेय!’’ ही संधी मिळायला त्याला बरीच वर्षं थांबावं लागलं होतं. पाणी छातीला लागलं तसा श्वास अडकला, पण आता तो येणार हे मला ठाऊक होतं. पाठीवर पडून राहिलो. वर धुकं पांगत होतं. बाजूला मुलगी तरंगत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘‘पप्पा, माझं वाक्य पूर्ण झालं.’’

पुढे दर शुक्रवारी आम्ही गेलो. पहिल्या वेळी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. दर खेपेला तो झटका थोडा थोडा कमी झाला. बाहेर आल्यावर गरम पाण्याची अंघोळ लगेच नाही. आधी ओलं काढायचं, अंग पुसायचं, लोकरीची टोपी घालायची, गोड चहा घोट घोट घ्यायचा. कारण काठावर आल्यावरही अंग आतून काही वेळ गार होत राहतं. हे सगळं मुलीनं वहीत लिहून काढलं. निबंधाच्या वहीपेक्षा मला ही वही जास्त आवडते.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही चौघंही घाटमाथ्यावर गेलो. साईनं दुकान बंद ठेवलं होतं. थंडी अशी की बोलताना जबडा आखडत होता. मुलीनं संयोजकांना विचारून आधीच दहा मिनिटं काठाच्या उथळ पाण्यात काढली, तोंड-मान भिजवून घेतली. शिट्टी झाली. बाकीच्या मंडळींनी जेटीवरून धडाधड उड्या टाकल्या. ती कडेला बसली आणि सरकत पाण्यात उतरली. ‘‘घाबरली वाटतं,’’ माझ्या शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणाला. साई त्याच्याकडे वळणार होता, मी त्याला धरलं.

आणि मग गर्दीत कुणाची तरी लाथ बसली. तिच्या तोंडावरून पाणी गेलेलं मला दिसलं. तिचं डोकं झटक्यानं मागे गेलं, तोंड उघडलं. तो श्वास मी शंभर माणसांत ओळखीन. लांबून दिसावं म्हणून तिच्या कमरेला बांधलेला केशरी फुगा तिच्यापाशी गोल फिरला. बाकीचे सगळे पुढे निघून गेले आणि ती एकटी मागे राहिली.

ती पाठीवर झाली.

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. बाजूला साई हिंदीत मोजत होता. बायकोनं माझी बाही मुठीत पकडली होती. बचावाची होडी तिच्या दिशेनं वळली. वीस. तीस. ती काहीच करत नव्हती, नुसती आकाशाकडे तोंड करून पडली होती, आणि मला उडी मारून तिच्यापर्यंत जावंसं वाटत होतं. चाळीस. माझ्याच छातीत श्वास राहिला नव्हता. बावन्नला तिचा हात वर आला. मला वाटलं, हलवणार. तो हात तिनं सावकाश डोक्यावर ठेवला.

होडी थांबली. ती पालथी झाली आणि पोहायला लागली.

पाच किलोमीटर तिनं पूर्ण केले. मागून मोजलं तर नंबर लवकर सापडला असता. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. बायकोनं तिला शालीत घेतलं, मी डोक्यावर लोकरीची टोपी ओढली. होडीवरचा माणूस मुद्दाम उतरून आमच्याकडे आला. ‘‘पोरी, मी तुला उचलायला येत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘अशा वेळी सगळे हातपाय झाडतात. शांत पडून राहायला तुला कुणी शिकवलं?’’

तिचे दात वाजत होते, तरी तिनं मान ताठ केली. निबंध वाचून दाखवला त्या दिवशी शाळेतून पळत घरी आली होती, तेव्हाचाच तो आवाज होता.

‘‘माझ्या पप्पांनी,’’ ती म्हणाली. ‘‘ते एकदा बुडत होते.’’